‘रविवारी कुठे असतेस?’ या प्रश्नाची भीती

पत्र : मी 27 वर्षांची आहे. मूळ राहुरी तालुक्यातली, सध्या पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी. आमचं घर चार पिढ्यांपासून ख्रिस्ती, पण आडनावावरून कुणाला कळत नाही. 3 वर्षांपूर्वी ऑफिसातल्या मैत्रिणीने विचारलं, ‘रविवारी सकाळी तुझा फोन का लागत नाही?’ मी पटकन म्हणाले, ‘क्लास असतो.’ तेव्हापासून तो क्लास चालूच आहे. आता आमच्या मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) तरुण संघाने ठरवलंय की प्रत्येकाने महिन्यात 5 जणांना सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगायची आणि त्यांची नावं भिंतीवरच्या तक्त्यावर लिहायची. माझ्या नावापुढे काहीच नाही. विषय काढायचा विचार केला तरी घसा कोरडा पडतो. शाळेत ‘बाटगी’ म्हणून चिडवलेलं अजून आठवतं. मैत्रीण तुटली तर? तिने काही विचारलं आणि मला उत्तर आलं नाही तर? माझा विश्वासच कमी पडतोय का? – अबोल, पुणे

प्रिय ‘अबोल’,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. घशाला कोरड पडण्याचा आणि विश्वास कमी असण्याचा काही संबंध नाही. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय काढा. तिसऱ्या वचनात तो स्वतःच कबूल करतो की तुमच्याकडे आलो तेव्हा मी अशक्त होतो, घाबरलेलो होतो, कापत होतो. गावोगाव फिरून बोलणं हेच ज्याचं काम, त्याची ही गत. तुम्ही तर दिवसभर टेस्टिंगचे बग शोधून थकलेल्या असता.

तुमच्या पत्रात एका गाठोड्यात चार निरनिराळ्या भीती बांधलेल्या आहेत : मैत्री तुटेल, उत्तर येणार नाही, कुणीतरी हिणवेल आणि तक्ता रिकामा राहील. गाठोडं सोडलं तर लक्षात येईल की चौथी भीती मैत्रिणीची नाहीच, ती तरुण संघाची आहे. म्हणून ती सर्वांत आधी काढून टाकू.

संघाच्या पुढाऱ्याला भेटून सरळ सांगा, ‘मी बोलायचा सराव करणार आहे, पण माझ्या मैत्रिणींची नावं भिंतीवर लागणार नाहीत.’ कारण विचारलं तर हेही सांगा की ज्या माणसाला आपलं नाव तक्त्यावर आहे हे ठाऊक नाही, त्याचं नाव तिथे लिहिणं हा त्याचा विश्वासघात आहे. त्या नावापुढे ‘नवऱ्याशी पटत नाही’, ‘आई आजारी’ अशी प्रार्थनेची कारणं लिहिली जातात, तेव्हा तर कुणाच्या तरी घरची गोष्ट चव्हाट्यावर येते. आणि आकडा ठरला की माणसं आकडा भरतात. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी लिफ्टमध्ये गाठून कुणाला तरी चार वाक्यं ऐकवायची आणि नाव लिहून मोकळं व्हायचं! ऐकणाऱ्याला ते विम्याच्या एजंटासारखं वाटतं, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा 17वा अध्याय संघात एकदा मोठ्याने वाचा. अथेनैत, म्हणजे अथेन्समध्ये, पौल अरीयपगाच्या टेकडीवर बोलला. शेवटी काहींनी थट्टा केली, काही म्हणाले की याविषयी तुझं पुन्हा ऐकू, आणि थोड्या जणांनी विश्वास ठेवला. नावं फक्त दोघांची दिली आहेत, दिओनुस्य आणि दामारी. थट्टा झाल्यावर पौलाने आवाज चढवला नाही, तो तिथून निघून गेला. बोलणारा एकच, बोलणंही एकच, आणि प्रतिसाद तीन तऱ्हांचे. कुणाच्या वाट्याला कोणता येईल हे बोलणाऱ्याच्या हातात नसतं. मार्कच्या 10व्या अध्यायातला श्रीमंत माणूस खिन्न होऊन निघून गेला, तेव्हा येशूसुद्धा त्याच्या मागे धावला नाही.

आता मैत्रिणीकडे वळू. तुम्हाला वाटतं की खरं कळलं तर ती दूर जाईल. आमचा अंदाज वेगळा आहे. तिला लागेल ते एवढंच की 3 वर्षं तुम्ही तिला ‘क्लास’ सांगत राहिलात. म्हणजे धोका विश्वास सांगण्यात कमी आणि लपवण्यात जास्त आहे. दर रविवारी तुम्ही प्रश्न टाळता, लगेच हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यानेच भीती पोसली जाते. टाळलं म्हणून वाचलो, असं मनाला पटत जातं. भीती मोडायला ती थोड्या मात्रेत, ठरवून आणि पुन्हा पुन्हा घ्यावी लागते.

पहिले दोन आठवडे कुणाला काहीही ‘सांगायचं’ नाही. फक्त लपवणं बंद करायचं. सोमवारी कुणी विचारलं, ‘वीकेंड कसा गेला?’ तर सिनेमा, धुणं, भाजी यांच्या रांगेत ‘सकाळी चर्चला गेले होते’ हेही त्याच सुरात म्हणायचं. आवाज खाली आणायचा नाही, ओशाळं हसायचं नाही, पुढे खुलासा जोडायचा नाही. हे 4 वेळा तरी करा. एका वहीत डाव्या बाजूला आधी लिहा, काय होईल असं वाटतंय : ‘ती गप्प होईल’, ‘सगळे माझ्याकडे बघतील’. उजव्या बाजूला संध्याकाळी लिहा, काय झालं. बहुतेक वेळा उजव्या बाजूला ‘बरं म्हणाली आणि जेवायला गेलो’ इतकंच येईल. कधी खरंच कुणी तोंड वाकडं करेल, तेही लिहा. वही स्वतःला दिलासा द्यायला नाही, अंदाज किती चुकतो ते मोजायला आहे.

त्यानंतर दोन मिनिटांचं बोलणं तयार करा. साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगणं, म्हटलं की मंडळीत एक ठरलेला साचा असतो : मी दारू प्यायचो, आजारी होतो, प्रभूने उचललं. तुमच्यासारख्या जन्मापासून ख्रिस्ती घरात वाढलेल्यांची इथेच अडचण होते. सांगण्यासारखं काही घडलंच नाही, असं वाटतं, मग एकतर गप्प बसतात किंवा मोठं करून सांगतात. मोठं करू नका, ऐकणाऱ्याला ते कळतं. एक खरा प्रसंग निवडा. नोकरी मिळत नव्हती ते सहा महिने असतील, आजी गेली ती रात्र असेल, कुणाला माफ करणं जमलं नव्हतं तो काळ असेल. तेव्हा काय वाटत होतं, येशूवरच्या विश्वासाने त्या दिवसांत नेमकं काय केलं आणि आज काय सुटलेलं नाही, या तीन गोष्टी त्यात आल्या पाहिजेत. तिसरी गाळू नका. सगळं सुटलं असं सांगणाऱ्या माणसाला कुणी प्रश्न विचारत नाही. कागदावर 180 ते 200 शब्दांत लिहा, घड्याळ लावून मोठ्याने वाचा. दोन मिनिटांच्या वर गेलं तर उपदेश कापा, प्रसंग राहू द्या. मग कागद बाजूला ठेवून मंडळीबाहेरच्या, विश्वासातल्या एका माणसाला ऐकवा आणि कोणता शब्द कळला नाही एवढंच विचारा.

शब्दांवर जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. आपली मंडळीतली मराठी ही जवळजवळ वेगळी बोली आहे आणि आपल्याला ते जाणवत नाही. ‘तारण’ म्हटलं की बँकेत काम करणाऱ्या माणसाला गहाणखत आठवतं. ‘त्याने माझा उद्धार केला’ हे वाक्य ऑफिसात म्हणून बघा, लोक समजतील साहेबाने शिव्या घातल्या. चर्चबाहेर ‘मंडळी’ म्हणजे जमलेले लोक, नाहीतर कुणाची तरी बायको. ‘प्रभू’ म्हटल्यावर समोरच्याच्या मनात रामचंद्र उभा राहतो, यात त्याचं काय चुकलं? ‘साक्ष’ कोर्टात देतात. ‘मला तुझ्यासाठी ओझं आहे’ (आपल्याला म्हणायचं असतं, तुझी मनापासून काळजी वाटते) हे तर मंडळीबाहेर म्हणूच नका. त्याऐवजी साधं बोला. ‘येशूने मला माफ केलं, असा माझा विश्वास आहे.’ ‘आम्ही रविवारी एकत्र जमतो, गाणी म्हणतो, बायबल वाचतो.’ ‘मी देवाशी बोलते.’ ‘पाप’ हा शब्द वापरणारच असाल तर आधी स्वतःच्या बाबतीत वापरा. नाहीतर ऐकणाऱ्याला वाटतं की ही मला पापी म्हणते आहे, आणि दार तिथेच बंद होतं.

विषय काढायचा कसा, तर शक्यतो काढूच नका. पेत्राच्या पहिल्या पत्रात (3:15-16) सांगणं असं आहे की तुमच्या आशेविषयी कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यतेने व आदराने द्या. तिथे क्रम विचारणाऱ्यापासून सुरू होतो. तुमचं काम विचारण्याला जागा ठेवण्याचं आहे, आणि ‘सकाळी चर्चला गेले होते’ ही ती जागा. समोरून प्रश्न आला की परवानगी घ्या : ‘दोन मिनिटं लागतील, सांगू का?’ हो म्हटलं तर सांगा, दोन मिनिटांनी थांबा आणि विचारा, ‘तुझ्या घरी कसं आहे? तू काय मानतेस?’ मग खरोखर ऐका. पुढचं वाक्य मनात जुळवत ऐकणं समोरच्याला दिसतं. तिने व्रताबद्दल, वारीबद्दल, आजीच्या पोथीबद्दल सांगितलं तर ते खोडायचं नाही. खोडलंत तर संभाषण संपून वाद सुरू होईल, आणि वादात हरल्याचं दुःख नाकारलं गेल्याच्या दुःखासारखंच लागतं. भीती आणखी वाढेल.

उत्तर येणार नाही ही भीती सर्वांत स्वस्तात जाते. ‘मला माहीत नाही, बघून सांगते’ हे पूर्ण उत्तर आहे, फक्त ते खरंच बघून सांगायला हवं. तरी काही वाक्यं पुन्हा पुन्हा कानावर येतील, त्यांची तयारी असू द्या.

‘सगळे देव सारखेच’ हे तुम्हाला सगळ्यात जास्त ऐकू येईल. याला नकार समजू नका. महाराष्ट्रात हा सौजन्याचा शब्द आहे. बहुतेक वेळा अर्थ असतो, ‘तुझं तुझ्याजवळ, माझं माझ्याजवळ, भांडायचं नाही.’ तुमचं मत वेगळं असेल तर लपवू नका, पण लगेच ‘नाही, एकच मार्ग’ असं आदळूही नका. ‘तुला तसं का वाटतं?’ असं विचारून बघा.

‘परदेशी धर्म आहे तुमचा’ याला थोडी माहिती पुरते. फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण 1616 मध्ये गोव्यात छापलं गेलं, सुमारे 11 हजार ओव्या, त्याही मराठीत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं आजही ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतसंग्रहातून म्हटली जातात. केरळातली परंपरा तर येशूचा शिष्य संत थोमापर्यंत, पहिल्या शतकापर्यंत जाते. यातलं एकच सांगा. तिन्ही एका दमात सांगितलं तर समोरच्याला आपण परीक्षेत नापास झालो असं वाटतं.

‘किती पैसे मिळाले?’ हा टोमणा आहे, प्रश्न नव्हे. चिडून दिलेलं उत्तर टोमण्याला किंमत देतं. ‘मिळत काही नाही, उलट कमाईचा दशमांश चर्चला द्यावा लागतो’ असं हसून म्हणा आणि पुढे चला.

‘बाटगे’ हा शब्द मात्र वेगळा. त्यात जातीचा डंख आहे. शाळेत तो तुम्हाला येशूमुळे कमी आणि पणजोबांच्या जातीमुळे जास्त ऐकावा लागला असेल. अहमदनगर, आता अहिल्यानगर, त्या भागातल्या अनेक ख्रिस्ती घरांचे पूर्वज महार-मांग समाजातून आले. माणूस म्हणून वागवलं जावं ही त्यांची मागणी होती आणि तिची लाज वाटण्याचं कारण नाही. पण तुमची मूळ जात कुणालाही सांगण्याचं बंधन तुमच्यावर नाही. ‘तो शब्द मला लागतो, वापरू नकोस’ एवढं एकदा शांतपणे सांगा. पुन्हा वापरला तर तिथून उठा. अशा माणसाला सुवार्ता ऐकवत बसण्याची जबाबदारी तुमची नाही. पायाची धूळ झटकून पुढे जाण्याची मोकळीक मत्तयाच्या 10व्या अध्यायात शिष्यांनाही दिलेली आहे.

आता एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती आड येणारच. गणपतीत मैत्रिणीने घरी बोलावलं तर तुम्ही काय करता? प्रसाद घ्यायचा की नाही, याबद्दल आपल्या मंडळ्यांमध्येच एकमत नाही. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचे 8 आणि 10 हे अध्याय वाचा, पाळकांशी (चर्चच्या धर्मगुरूंशी) बोला आणि आपलं काय ते आधी ठरवा, ऐन वेळी दारात नको. घेणार नसाल तर चेहरा वाकडा न करता ‘मी प्रसाद घेत नाही, पण तुझ्या आईच्या हातचं जेवण सोडणार नाही’ असं म्हणता येतं. आरतीच्या वेळी शांत उभं राहता येतं. पण त्यांच्या घरी गणपतीत कधी पाऊल टाकायचं नाही आणि नाताळच्या करंज्या खायला त्यांनी मात्र यावं, ही अपेक्षा चालणार नाही. नाकारलं जाण्याचं दुःख त्यांनाही होतं.

काही ठिकाणी मात्र बोलायचंच नाही, आणि तिथे गप्प राहणं भित्रेपणाचं नाही. तुमच्या हाताखाली काम करणाऱ्या माणसाशी तुम्ही हा विषय सुरू करू नका. त्याचं मूल्यमापन तुमच्याकडे असतं, त्यामुळे त्याच्या ‘हो’ला अर्थ नसतो. ऑफिसचा मेल, ऑफिसचे ग्रुप यांवर नको. 18 वर्षांखालच्या मुलांशी आईवडिलांना अंधारात ठेवून नको. कुणी कर्जात, आजारात, घटस्फोटात असेल तर मदत करा, पण मदतीच्या हातातच पत्रक देऊ नका. ‘तुझ्या आईसाठी मी प्रार्थना केली तर चालेल का?’ असं विचारून, हो म्हटलं तर घरी बसून करा. बरं होईल असं वचन देऊ नका आणि औषध थांबवायला कधीही सांगू नका. तथाकथित चमत्काराच्या नावाने लोकांना फसवणं महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे.

कायद्याची भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण ती हल्ली अनेकांच्या मनात असते. राज्यघटनेच्या 25व्या अनुच्छेदाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रचार करण्याचा हक्क दिला आहे. तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. 1977च्या रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रेषा आखली : आपल्या धर्माची शिकवण मांडण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क नाही. बळजबरी, आमिष, फसवणूक यांविरुद्धचे कायदे राज्याराज्यांत वेगळे आहेत आणि बदलत असतात. म्हणून मंडळीने वर्षातून एकदा माहितगार वकिलाला बोलवून सगळ्यांना समजावून घ्यावं. दुसऱ्याच्या श्रद्धेची जाणूनबुजून विटंबना करणं भारतीय न्यायसंहितेच्या 299व्या कलमाखाली गुन्हा ठरू शकतं. शिवाय ते मुळातच अशोभनीय आहे. मैत्रिणीने विचारलं म्हणून चहाच्या टपरीवर तुम्ही आपला अनुभव सांगितला, बदल्यात काही देऊ केलं नाही, तिच्या देवाबद्दल वाकडं बोलला नाहीत, तर हा बोलण्याचा सगळ्यात स्वच्छ प्रकार आहे.

व्हॉट्सॲपवर रोज सकाळी वचनांची चित्रं पाठवणं हा भीतीचाच एक अवतार आहे. समोरासमोर नकार नको म्हणून दुरून फेकलेला खडा. ती चित्रं बघितली जात नाहीत, आणि उत्तर आलं नाही की पाठवणाऱ्याला रोज नकार मिळाल्यासारखं वाटतं. बंद करा.

आणि खरंच नकार आला तर? ‘हे पुन्हा माझ्याशी बोलू नकोस’ असं ती म्हणाली तर ‘बरं, नाही बोलणार’ म्हणा आणि शब्द पाळा. त्याच आठवड्यात तिला जेवायला चला म्हणून हाक मारा. तुमची मैत्री त्या विषयावर टांगलेली नव्हती हे तिला दिसायला हवं. बोलताना कुठे दुखावलं असेल तर दुखावल्याची माफी मागा, विश्वासाची नको. दोन दिवस वाईट वाटेल. ते वाटू द्या, संघात जाऊन तिच्या कठोर हृदयाबद्दल प्रार्थना मागू नका. काळाची मोजणीही थोडी सैल सोडा. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी 1895 मध्ये झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्या मागोमाग आल्या नाहीत. मधली काही वर्षं ताटातुटीची, तुटलेल्या माहेर-सासरची गेली आणि मग त्यांनी आपला निर्णय स्वतः घेतला. एका छपराखालच्या माणसांची ही कथा, तिथे महिन्यात 5 नावं कुठून येणार?

राहिला तो क्लास. वहीची, कागदाची तयारी होईपर्यंत थांबू नका, ते या सोमवारीच उरकून टाका. गर्दी नसलेली वेळ बघा, तिच्या डेस्कवर नको, चहाला बाहेर गेलात की तेव्हा. वाक्य साधारण असं ठेवा : ‘तुला एक सांगायचं होतं. रविवारी माझा क्लास नसतो, मी चर्चला जाते. आम्ही ख्रिस्ती आहोत. तू काय म्हणशील याची भीती वाटली म्हणून खोटं बोलले, माफ कर.’ यात एकाही वचनाची भर घालू नका. ती बहुधा आधी म्हणेल, ‘एवढंच? मला वाटलं लग्न ठरलं.’ किंवा थोडा वेळ गप्प राहील, तर ती शांतता भरून काढायला धावू नका. किंवा विचारेल, ‘चर्चमध्ये नक्की काय करता ग तुम्ही?’ तर सांगा.